‘लव्हलेस’ : टेप ओढली गेलेली नाही, हात फिरलेला आहे

मागच्या अंकात आम्ही माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बॅण्डचा ‘लव्हलेस’ हा आल्बम ऐकायला सुचवला होता. बॅण्ड १९८३ साली डब्लिनमध्ये सुरू झाला आणि पुढे लंडनला गेला. आल्बम नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन या स्वतंत्र कंपनीनं काढला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. बरीचशी पत्रं एकाच शंकेभोवती फिरतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : दोनदा ऐकला. पहिल्याच गाण्यात गिटार अशी वाकडीतिकडी होते की कॅसेटची टेप ओढली गेल्यासारखं वाटतं. फाइल खराब आहे का माझा फोन? (सांगली)

दोन्ही ठीक असावेत. खात्री करायची तर ड्रमकडे आणि गाणाऱ्या आवाजाकडे कान द्या. यंत्रातला दोष एकट्या गिटारपुरता राहत नाही. टेप ओढली गेली की ड्रम, आवाज, बास, सगळंच एकदम खाली-वर होतं. इथे ड्रमचा ठेका जागचा हलत नाही, आवाजही सरळ रेषेत राहतो, फक्त गिटार लवते. म्हणजे तो दोष नाही, ते वादन आहे.

एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १.८ सेकंदांत एक फेरी पुरी करते. डोलणं बरोबर दर १.८ सेकंदांनी येत असेल तर तबकडी वाकली आहे, किंवा मधलं भोक नेमकं मध्यावर नाही. अनियमित डोलत असेल तर प्लेयरचा पट्टा सैल झालाय. कॅसेटवर असेल तर आधी टेप ओढणारा रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

आता गिटार का लवते ते. बॅण्डचा गिटारवादक आणि गायक केव्हिन शील्ड्स यानं बहुतेक वादन फेंडर जाझमास्टर आणि जॅग्वार या गिटारींवर केलं. दोन्हींना ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागाच्या, मागे एक धातूचा दांडा असतो. तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर उतरतो. बाकीचे वादक सूर छेडून झाल्यावर दांडा हलवतात. शील्ड्स दांडा मुठीतच धरून ठेवतो आणि त्याच हातानं तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्याबरोबर अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, थोडा खालून वर सरकत जागेवर येतो. सतारीवर एका तारेवर मींड काढतात. ही सहा तारांवर एकाच वेळी काढलेली मींड समजा. त्यातही सहाही तारा सारख्या प्रमाणात उतरत नाहीत, म्हणून कॉर्ड आतल्या आत किंचित बेसूर होत राहतो. पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटतं ते या बेसूरपणामुळे.

फोनचं म्हणाल, तर त्याच्या स्पीकरवर हा आल्बम ऐकू नका. खालचे सूर तो स्पीकर जवळजवळ काढतच नाही, आणि या संगीतात गिटारचा सगळा डोलारा बासवर उभा आहे. साधा तारेचा इअरफोन पुरे. ‘बास बूस्ट’ बंद ठेवा, नाहीतर मधला भाग, म्हणजे नेमका आवाज, चिखलात जाईल. पहिल्यांदा ऐकताना सलग अकरा गाण्यांचा हट्टही नको. आठवं गाणं आधी ऐका. त्यात ड्रम जवळपास नाहीच, मागे साधी अकूस्टिक गिटार चालू असते आणि चाल अगदी उघडी दिसते. २००३ च्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटात पुष्कळांनी ते ऐकलं असेल. एकदा त्यातली चाल सापडली की पहिल्या गाण्यातल्या गोंगाटातही चाल ऐकू येते. हा आल्बम मुळात अंगाईच्या जवळचा आहे. गोंगाट फक्त त्याच्या अंगावर पांघरलेला आहे.

प्रश्न : मी भावगीतांवर वाढलेला माणूस. शब्दच कळत नसतील तर गाण्यावर प्रेम करायचं कशाच्या जोरावर? इंटरनेटवर शब्द शोधले तर प्रत्येक ठिकाणी वेगळे! (ठाणे)

वेगळे असणारच, कारण आल्बमसोबत शब्द छापलेलेच नव्हते. जे सापडतात ते ऐकणाऱ्यांचे अंदाज आहेत. शब्द मात्र नीट लिहिलेले आहेत. शील्ड्स आणि बॅण्डची गायिका बिलिंडा बुचर दोघंही त्यावर रात्र-रात्र बसत. ते मुद्दाम मागे ठेवले आहेत.

मागे ठेवण्याच्या तीन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे आवाजाची पातळी गिटारइतकीच. भावगीतात आवाज सगळ्या वाद्यांच्या पुढे उभा असतो, इथे तो वाद्यांमध्ये मिसळून बसतो. दुसरी, एकच ओळ अनेकदा गाऊन सगळे टेक एकमेकांवर चढवायचे. पाचव्या गाण्यात शील्ड्सनं स्वतःच्या आवाजाचे डझनभर टेक एकत्र वाजवले आहेत. दोन टेकमधली व्यंजनं कधीच नेमकी एका क्षणी पडत नाहीत. क, ट, प यांच्या कडा पुसल्या जातात आणि उरतात ते स्वर. तिसरी गंमत अशी की बुचरचं गाणं पुष्कळदा पहाटे, झोपेतून उठवून, रेकॉर्ड होई. तो पेंगुळलेपणा खरा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच संगीतात आहे. तराण्यात ‘तोम् तनन’चा अर्थ कोणी विचारत नाही, आलापात तर अक्षरही नसतं. भावगीताच्या कानानं ऐकलात तर हा आल्बम अन्याय करेल. तानपुऱ्याच्या कानानं ऐका. जवारीचा दोरा सरकवला की त्याच तारेतून वरचे सूर फुलून येतात. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं, हेही असंच मूळ सुराच्या वर नवे सूर उभे करतं. दहाव्या मिनिटाला कान त्या वरच्या सुरांकडे जायला लागतो, आणि बासरीसारखं काहीतरी वाजतंय असं वाटू लागतं. पुष्कळ ठिकाणी ती बासरी नसतेच.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची गिटार आणि ३० वॅटचा ॲम्प आहे. पाच पेडल घेतली तरी तो आवाज निघत नाही. दांडा वापरला की दोन मिनिटांत गिटार बेसूर. काय चुकतंय? (पुणे)

पाच पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायानं चालवायची यंत्रं, हीच पहिली चूक. कोरस आणि फ्लॅंजर आधी काढून ठेवा. लोकांना वाटतं ही लाट त्यांची आहे, पण शील्ड्स ते या कामासाठी वापरत नाही. लाट हातातून येते. गिटार आधी दांड्यासाठी तयार करावी लागेल, ते काम एका संध्याकाळचं.

नव्या तारा लावा, १० ते ४६ जाडीच्या. प्रत्येक तार बाराव्या पट्टीपाशी बोटानं हलकेच ओढा, पुन्हा सुरात लावा. ओढल्यावर सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करायचं, तीन-चार वेळा लागतं. बेसूर होण्याचं निम्मं कारण न ताणलेली तार असते. उरलेलं निम्मं नटमध्ये, म्हणजे गिटारच्या डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीत. दांडा दाबला की तार नटच्या खाचेतून मागे-पुढे सरकते आणि खाच खरखरीत असेल तर परत येताना अडकते. सुरात लावताना ‘टिक’ असा आवाज येत असेल तर हेच. तार उचलून खाचेत ४बी किंवा ६बी पेन्सिलीचं शिसं घासा. गिटारच्या डोक्यावर वरच्या तारा दाबून धरणारी छोटी पत्रा-पट्टी असते, तिच्याखालीही घासा.

मग मागचं झाकण उघडा. स्प्रिंगा जिला अडकवलेल्या असतात त्या पट्टीला दोन लांब स्क्रू दिसतील. स्प्रिंगा पाच असतील तर दोन काढून तीन ठेवा. आता स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, दोन्ही सारखे, आणि प्रत्येक वेळी गिटार पुन्हा सुरात लावा. ब्रिजची मागची कड लाकडापासून साधारण ३ मिलिमीटर उचलली गेली की थांबा. घाई करून एकदम चार फेरे दिलेत तर ब्रिज पुढे झुकेल, तारा बोर्डापासून खूप वर जातील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटचं, दांडा. तुमचा दांडा लोंबकळत असेल. शील्ड्स दांड्याच्या बुडाशी टेप गुंडाळतो, त्यामुळे तो जरा उंच आणि घट्ट बसतो. तुमच्या गिटारला दांड्याच्या आट्यांवर नळकामाची टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे गुंडाळा, आटे फिरतात त्याच दिशेनं. उलट गुंडाळली तर बसवतानाच सुटते.

आता वादन. दांडा करंगळी आणि अनामिकेच्या मुठीत, पिक अंगठा आणि तर्जनीत. मनगट फिरलं की दांडा आपसूक हलला पाहिजे. मेट्रोनोम ६० वर ठेवून फक्त खालचे फटकारे. फटकारा मारण्याआधी किंचित दाब, तार वाजताच दाब सोडायचा. किती दाबायचं? ट्यूनरवर पाहा, २५ ते ५० सेंट उतरलं की पुरे. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. तिथपर्यंत गेलात तर समुद्रावरची बोट लागते. स्ट्रॅटचा दांडा जाझमास्टरपेक्षा आखूड हालचालीत जास्त सूर उतरवतो, म्हणून तुमचा हात आणखी हलका हवा. वरच्या दोन तारा मोकळ्या ठेवून खालच्या तारांवर साधे कॉर्ड फिरवा. मोकळ्या तारा सतत वाजत राहिल्या की तो ‘षड्ज धरल्यासारखा’ भाग तयार होतो. पुष्कळ गाण्यांत ट्यूनिंगही वेगळं आहे, पण ते नंतर.

पेडलमध्ये क्रम महत्त्वाचा. गिटारमधून आधी रिव्हर्ब (आवाज घुमवणारं पेडल), मग डिस्टॉर्शन, मग ॲम्प. शिकवणीत याच्या उलट सांगतात. इथे उलटं करण्याचं कारण असं, की डिस्टॉर्शन मोठा आणि लहान आवाज दाबून एका पातळीवर आणतं. रिव्हर्बची मंद शेपटी त्यात गेली की फुगून मूळ आघाताइतकी मोठी होते आणि पिकचा ‘टक’ नाहीसा होतो. रिव्हर्ब ‘रिव्हर्स’ प्रकारचा हवा आणि त्याचं ‘मिक्स’ बटण पूर्ण उजवीकडे, म्हणजे कोरा सूर पुढे जाताच कामा नये. बहुतेकांचं इथेच चुकतं. मिक्स निम्म्यावर ठेवतात आणि ‘टक’ तसाच राहतो.

तारांचा आवाज टिपणारे जे पिकअप असतात त्यांतला गळ्याजवळचा निवडा, टोनचं बटण पाच-सहावर. डिस्टॉर्शनचा गेन निम्म्यावरच, पूर्ण दिलात तर कॉर्ड विरघळून नुसती खरखर उरेल. एवढं करून घूं असा आवाज येत असेल तर ट्यूबलाइट आणि फोनचा चार्जर बंद करून बघा, आणि भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न : ‘रिव्हर्स रिव्हर्ब’ म्हणजे टेप उलटी चालवणंच ना? मूळचं यंत्र मिळतं का? मी घरी कॉम्प्युटरवरच रेकॉर्ड करते. (मडगाव)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शील्ड्सनं वापरलेलं यामाहाचं एसपीएक्स९० हे ऐंशीच्या दशकातलं स्टुडिओ यंत्र. त्यात ‘रिव्हर्स गेट’ नावाचा प्रोग्राम आहे. तो काहीही उलटं वाजवत नाही. सुरानंतर प्रतिध्वनींचा एक पुंजका सोडतो, तो हळूहळू मोठा होत जातो आणि एकदम तुटतो. कानाला उलटं वाटतं एवढंच. म्हणूनच ते प्रत्यक्ष वाजवताना वापरता येतं. जुनी यंत्रं विकायला येतात. घेण्याआधी मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. अमेरिकेतलं किंवा जपानमधलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर जळेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्या पैशात आज रिव्हर्स रिव्हर्ब असलेलं साधं पेडल येतं, आमचं मत तेच घ्यावं.

खरा उलटा रिव्हर्ब तुम्हाला कॉम्प्युटरवर फुकट मिळेल. गिटारचा तुकडा निवडा आणि उलटा करा. त्याच्या शेवटी दोन सेकंद रिकामी जागा सोडा. त्यावर रिव्हर्ब, पूर्ण ओला (मूळ सूर न मिसळता), शेपटी दीड ते दोन सेकंद. हे नव्या ट्रॅकवर छापून घ्या आणि तो ट्रॅक पुन्हा उलटा करा. आता कॉर्डच्या आधीच त्याची लाट चढत येईल. रिकामी जागा सोडायला विसरलात तर शेपटी मध्येच कापली जाते आणि लाट चढण्याऐवजी दार उघडल्यासारखी धाडकन सुरू होते. मूळ कॉर्ड हवा तितका कमी करा.

पहिल्या गाण्यातल्या त्या किंचाळणाऱ्या चालीसाठी मात्र याहून खटाटोप झाला होता. दोन ॲम्प समोरासमोर, दोन्हींवर आवाज थरथरवणारं ट्रेमोलो वेगवेगळ्या गतीवर, मध्ये एक माइक. असे काही थर रेकॉर्ड करून, उलटे फिरवून, सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) घालून एकावर एक ठेवले. घरी करून बघायला हरकत नाही, शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर.

प्रश्न : आमच्या बॅण्डमध्ये दोन गिटार, आणि गाणारी मुलगी बुडते. तिचा आवाज वाढवला की गाणं पोकळ होतं. (नाशिक)

आवाज वाढवू नका, गिटारला छाटा. ‘लव्हलेस’च्या गिटारी भिंतीसारख्या वाटतात, पण त्या डावी-उजवीकडे पसरलेल्या नाहीत, पुष्कळशा मध्यावरच आहेत. तुमच्याकडे उलट करून बघा. दोन्ही गिटारी थोड्या बाजूला, मध्य तिला मोकळा. गिटारींचा १०० हर्ट्झखालचा भाग काढून टाका, ती जागा बासची. दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये गिटार तीन डेसिबल उतरवा. बुडलेला आवाज तिथे लगेच वर येतो. तिला हळू गायला सांगा, माइकच्या अगदी जवळ, आणि तीच ओळ तीनदा रेकॉर्ड करा. जोरात गायलेले तीन टेक भांडतात, हळू गायलेले मिसळतात.

ड्रमवाल्यालाही एक सूचना. या आल्बमच्या वेळी बॅण्डचा ड्रमवादक कोलम ओ कीसोग आजारी होता. त्यामुळे त्याच्याच वाजवण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे जोडून बहुतेक गाण्यांचा ठेका बांधला, प्रत्यक्ष सलग त्यानं दोनच गाण्यांत वाजवलं. गिटार लवत असेल तर ठेका काटेकोर लागतो. दोन्ही डोलले की श्रोता पडतो.

प्रश्न : एलपी घ्यावी की सीडी? कोणती आवृत्ती? (न्यू जर्सी)

एलपी हवी असेल तर २०२१ ची डोमिनो कंपनीची. तिचे दोन प्रकार आहेत. महागडा पूर्ण ॲनालॉग टेपवरून कापलेला, स्वस्त उच्च दर्जाच्या डिजिटल प्रतीवरून. सुईचा दाब नीट नसेल तर महागड्याचा उपयोग नाही. तराजूनं मोजा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला २ ग्रॅम लागतात. कमी दाब ठेवल्यानं तबकडी वाचते हा गैरसमज आहे. सुई खाचेत उड्या मारते आणि या आल्बमवर ती खरखर डिस्टॉर्शनमध्ये लपून जाते, कळतही नाही. सीडी घेणार असाल तर २०१२ ची दोन तबकड्यांची घ्या, दोन वेगवेगळ्या मूळ टेपवरून केलेल्या आहेत. जुनी १९९१ ची सीडी आजच्या मानानं लहान आवाजात वाजते, तो दोष नाही, आवाज वाढवा.

प्रश्न : या एका आल्बमनं कंपनी बुडवली म्हणतात, खरं का? (कोल्हापूर)

खर्च अफाट झाला, हे खरं. कंपनीला वाटलं होतं पाच दिवसांत काम होईल. फेब्रुवारी १९८९ ला सुरू झालेलं काम १९९१ च्या शरदापर्यंत, एकोणीस स्टुडिओंतून, चाललं. अडीच लाख पौंडांचा आकडा नेहमी सांगितला जातो, शील्ड्स तो मानत नाही. आल्बम ब्रिटनच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेला. कंपनीचे ॲलन मॅगी यांनी त्यानंतर बॅण्डला निरोप दिला, आणि १९९२ मध्ये क्रिएशनचा निम्मा हिस्सा सोनीकडे गेला. पण बुडाली नाही. पुढचा आल्बम यायला एकवीस वर्षांहून जास्त काळ लागला. २०१३ साली बॅण्डनं तो स्वतःच काढला, कोणत्याही कंपनीविना.

प्रश्न : लोकलमध्ये रोज तासभर हेडफोनवर ऐकतो. हल्ली घरी आल्यावर कानात शीळ वाजते. (डोंबिवली)

ती शीळ गांभीर्यानं घ्या. हे संगीत सलग भरलेलं आहे, मध्ये शांत जागा नाहीत, त्यामुळे कानाला विसावा मिळत नाही. त्यात लोकलचा खडखडाट झाकायला तुम्ही आवाज वाढवत असणार. कामाच्या जागेसाठी सांगितलेला एक प्रचलित हिशेब असा : ८५ डेसिबलला रोज आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं.

उघडे किंवा सैल बसणारे इअरफोन सोडा. कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे घ्या. टोक योग्य मापाचं असेल तर बाहेरचा आवाजच इतका घटतो की फोन निम्म्याखाली ठेवूनही सगळं ऐकू येतं. तपासायचं तर लोकलमध्ये ठेवलेल्या पातळीवरच घरात शांततेत ऐका, ती फार मोठी वाटता कामा नये. फोनमध्ये कमाल आवाजाला कुलूप घालायची सोय असते, ती लावा. खुद्द या बॅण्डच्या २००८ च्या कार्यक्रमांत दारातच इअरप्लग वाटत होते, कारण शेवटच्या गाण्यातला एकसुरी गडगडाट वीस-वीस मिनिटं चाले. आठवडाभर हेडफोन बंद ठेवा. तेवढ्यात शीळ गेली नाही, किंवा एकाच कानात असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.